इंग्रजी वाक्प्रचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाक्प्रचाराचा नुसता अर्थ हवा असेल तर तो कुठल्याही शब्दकोशात मिळतो. इथे घेतलेले प्रश्न त्यापुढचे आहेत. हे आज कोण म्हणतं, कोणाला म्हणतं, आणि त्यामागे सांगितली जाणारी गोष्ट खरी की कोणीतरी बसून रचलेली? इंग्रजी वाक्प्रचार जसे कानावर पडतात तसे देवनागरीतच लिहिले आहेत.

शाळेत ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पाठ केलं होतं. इंग्रज लोक खरंच असं बोलतात का?

समजतं सगळ्यांना, पण बोलताना फारसं कोणी म्हणत नाही. ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात, नाहीतर ‘इट्स बकेटिंग डाउन’. कुत्र्या-मांजरांचा पाऊस आता मुख्यतः आपल्या गाइडांमध्ये पडतो. जोनाथन स्विफ्टने तो १७३८ साली छापलेल्या एका पुस्तकात वापरला आहे, आणि गंमत म्हणजे ते पुस्तक बोलून बोलून गुळगुळीत झालेल्या वाक्यांची टिंगल करणारं होतं. म्हणजे तेव्हाच तो शिळा झाला होता.

आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांतल्या याद्या पिढ्यान् पिढ्या एकमेकांवरून उतरवलेल्या असतात. त्यामुळे जिवंत आणि मेलेले वाक्प्रचार एकाच रांगेत उभे दिसतात. ‘ब्लो युअर ओन ट्रम्पेट’, म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं, अजून रोज ऐकू येतं. ‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ (सगळा गोंधळ) आजीआजोबांच्या वयाचे इंग्रज म्हणतात. तिशीतल्या माणसाच्या तोंडी तो ‘मजवर कृपा असावी’ म्हटल्यासारखा वाटेल.

पण जुन्या काळी गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, म्हणून तो वाक्प्रचार आला, हे खरं ना?

नाही. ही गोष्ट १९९९च्या सुमारास ईमेलमधून फिरू लागली. ‘सोळाव्या शतकातलं जीवन’ अशा थाटाच्या एका मोठ्या मजकुराचा ती भाग होती, आणि तो मजकूर जवळजवळ सगळाच बनावट होता. आता तोच तुकड्या-तुकड्यांनी व्हॉट्सॲपवर येतो. शाकारलेल्या छपरावर एखादं मांजर चढेलही, पण धो धो पावसात कुत्रं तिथे काय करत होतं, हे कोणी विचारत नाही. या वाक्प्रचाराचा खरा उगम अजून कोणालाच ठाऊक नाही.

त्याच मजकुरातली दुसरी गोष्ट ‘सेव्ह्ड बाय द बेल’ची. जिवंत माणसं चुकून पुरली जायची, म्हणून थडग्यात दोरी सोडून वर घंटा बांधायचे, वगैरे. मूळ साधं आहे आणि बॉक्सिंगमधलं आहे. मार खाऊन कोसळायच्या बेतात असलेल्या खेळाडूला फेरी संपल्याची घंटा वाचवते. ‘थ्रो इन द टॉवेल’ही तिथलाच: खेळाडूच्या बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल टाकतो, म्हणजे हार कबूल.

‘रूल ऑफ थम्ब’ची गोष्ट तर जास्तच वाईट. अंगठ्यापेक्षा बारीक काठीने बायकोला मारायची परवानगी देणारा इंग्लंडमध्ये म्हणे कायदा होता. असा कायदा नव्हता. एका न्यायाधीशाने तसं मत दिल्याचं बोललं गेलं आणि १७८२ साली व्यंगचित्रकार गिलरेने त्याला ‘जज थम्ब’ म्हणून रंगवलं, एवढं खरं. वाक्प्रचार मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीपासून वापरात होता, अंदाजाने माप घेण्याच्या अर्थाने. आपल्याकडे त्याला ‘ठोकताळा’ हा नेमका शब्द आहे. भाषांतरित पुस्तकांत ‘अंगठ्याचा नियम’ वाचला की पुस्तक मिटावंसं वाटतं.

‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे आपली नऊवारी का?

हा प्रश्न मराठी माणसालाच पडू शकतो, आणि पडायलाच हवा. वार म्हणजे यार्ड, नऊवारी म्हणजे नऊ यार्ड, आणि वाक्प्रचाराचा अर्थ ‘सगळंच्या सगळं, काही न राखता’. इतकं छान जुळतं की खोटं असेल असं वाटत नाही. तरी संबंध नाही.

अमेरिकेत या वाक्प्रचाराचा शोध लोकांनी वेड्यासारखा घेतला. बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा नऊ यार्ड लांब असायचा आणि वैमानिक ‘पूर्ण नऊ यार्ड’ शत्रूवर रिकामे करायचे. कोणी काँक्रीटच्या ट्रकचं माप पुढे केलं, कोणी कोटाच्या कापडाचं. मग जुनी वर्तमानपत्रं संगणकावर शोधता येऊ लागली. इंडियाना राज्यातल्या एका गावच्या वर्तमानपत्रात १९०७ सालीच ‘फुल नाइन यार्ड्स’ सापडलं, तेही बेसबॉलच्या एका गावठी सामन्याच्या बातमीत. विमानाचा पट्टा तिथेच निकालात निघाला. त्याहून मजेशीर म्हणजे १९१२ साली केंटकीमधल्या एका पत्रात ‘द होल सिक्स यार्ड्स’ असं छापलेलं मिळालं. म्हणजे आकडा पक्का नव्हताच, कुठे नऊ, कुठे सहा. कुठल्या खऱ्या वस्तूचं ते माप असतं तर आकडा असा हलला नसता.

सहावारी आणि नऊवारी दोन्ही सापडल्या, हा निव्वळ योगायोग. पण कॉलवर एखाद्या अमेरिकन सहकाऱ्याला सांगून बघा, गप्पांना विषय मिळतो.

आमच्या टीममधले अमेरिकन लोक मीटिंगमध्ये जे बोलतात त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं. काय करावं?

आधी बेसबॉल समजून घ्या. इंग्रजांच्या बोलण्यात क्रिकेट जसं मुरलंय तसं अमेरिकनांच्या बोलण्यात बेसबॉल. ‘बॉलपार्क फिगर द्या’ म्हणजे ढोबळ आकडा सांगा. तिथे दशांश चिन्हापर्यंतचा हिशोब करायला बसू नका. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. धावणाऱ्या खेळाडूला बेसला पाय लावावा लागतो त्यावरून. ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण, ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेलं काहीतरी. ‘स्टेप अप टू द प्लेट’ म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणं. हे तुम्हाला उद्देशून म्हटलं गेलं तर काम तुमच्या गळ्यात पडलंय असं समजा.

‘रेन चेक’ थोडा वेगळा आहे. पावसाने सामना बंद पडला तर प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी जो तिकिटाचा तुकडा द्यायचे, तो रेन चेक. जेवायला बोलावल्यावर कोणी ‘कॅन आय टेक अ रेन चेक’ म्हणालं तर ते सभ्य शब्दांतलं ‘आज नको, परत कधीतरी’ आहे. पुढची तारीख लगेच विचारू नये. ‘लेट्स सर्कल बॅक’चंही तसंच. शब्दशः ‘या विषयाकडे परत येऊ’, व्यवहारात बऱ्याचदा ‘हा विषय इथेच मिटवू’.

‘लेट्स टेबल धिस’ म्हणजे विषय घ्यायचा की सोडायचा?

बोलणारा कुठला आहे यावर ठरतं, आणि हे गमतीने म्हणत नाही. इंग्लंडमध्ये ‘टेबल’ करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं. अमेरिकेत नेमकं उलट, विषय बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले. इंग्रजांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, अमेरिकनांना वाटलं ते तो टाळू बघतायत, आणि खरं तर दोघांनाही तेच हवं होतं. चर्चिलने महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हे नोंदवलं आहे. भारतात संसदेच्या पटलावर कागद ठेवतात तो ब्रिटिश अर्थ. मिश्र टीममध्ये हा शब्द न वापरलेलाच बरा.

इंग्रज माणूस ‘इट्स अ बिट ऑफ अ स्टिकी विकेट’ म्हणतो तेव्हा कितपत काळजी करावी?

भरपूर करावी. स्टिकी विकेट म्हणजे उघडी खेळपट्टी पावसाने भिजून वर उन्हाने वाळू लागलेली. तिच्यावर चेंडू कसाही उडतो आणि फलंदाजाची दैना होते. आता मोठ्या सामन्यांत खेळपट्टी झाकतात, त्यामुळे ती दिसेनाशी झाली. वाक्प्रचार मात्र टिकला.

‘अ बिट’ हा त्यातला सगळ्यात धोक्याचा शब्द. कोरियन युद्धात, एप्रिल १९५१मध्ये, इमजिन नदीवर ब्रिटिशांच्या ग्लॉस्टर पलटणीला चिनी फौजांनी घेरलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियरने वरच्या अमेरिकन जनरलला कळवलं ते ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर’ एवढंच, असं सांगतात. एखादा इंग्रज अधिकारी ते ऐकून हादरला असता. अमेरिकनाला वाटलं, थोडी अडचण आहे, पण निभावतायत. वेळेवर माघारीचा हुकूम किंवा कुमक काहीच आलं नाही आणि पलटणीतले बहुतेक जण शेवटी शत्रूच्या हाती लागले.

त्याच जातीचे आणखी काही: ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं चुकतंय. ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? ‘नॉट बॅड’ ही मात्र बऱ्याचदा चांगलीच स्तुती असते. आपल्याकडे पुण्यातल्या जुन्या वस्तीत ‘बरं झालंय’ म्हणतात, त्यातली.

अर्थ कळतो, पण मनातल्या मनात मराठी करायला गेलं की घोळ होतो. असं का?

कारण दोन्ही भाषा शरीराचे तेच अवयव घेऊन वेगळंच काहीतरी सांगतात. रेल्वेत शेजारचा म्हणाला, ‘कीप ॲन आय ऑन माय बॅग’. आता हे मराठीत ‘माझ्या बॅगेवर डोळा ठेवा’ असं केलं तर तो तुम्हाला चोरी करायला सांगतोय. आपण ‘लक्ष ठेवा’ म्हणतो. ‘डोळा’ ठेवला की त्यात हाव आली.

‘पुलिंग समवन्स लेग’चं तसंच. इंग्रजीत ती निव्वळ थट्टा. मराठीत एखाद्याचे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, आणि त्यात थट्टा अजिबात नसते. ‘ही वॉज पुलिंग माय लेग’ हे वाक्य ऐकून एखाद्या मराठी माणसाने सहकाऱ्याबद्दल मनात अढी धरली, तर दोष दोघांचाही नाही. ‘हात वर करणं’ही बघा: आपल्याकडे ऐन वेळी जबाबदारी झटकणं. इंग्रजीत ‘आय पुट माय हँड्स अप’ म्हणजे होय, चूक माझी, मान्य आहे! जवळजवळ उलटा अर्थ.

काही ठिकाणी चित्र जुळतं पण सूर जुळत नाही. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ला आपल्या गाइडांत ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ देतात. गंगेत हात धुण्यात संधीसाधूपणाचा वास आहे. इंग्रजी वाक्प्रचार शेतकऱ्याला दिलेल्या साध्या सल्ल्यासारखा आहे, ऊन आहे तोवर गवत वाळवून घे. मुलाखतीत स्वतःबद्दल तो खुशाल म्हणता येतो, वाहत्या गंगेचं म्हणता येणार नाही.

आणि काही अगदी चपखल बसतात. ‘बीटिंग अराउंड द बुश’ला आपलं ‘नमनाला घडाभर तेल’ बहुतेक वेळा पुरतं. ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी’ म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ म्हणजे दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणं.

‘वन्स इन अ ब्लू मून’: चंद्र खरंच निळा होतो का?

क्वचित होतो. १८८३ साली क्राकातोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा हवेतल्या धुळीमुळे पुढे कित्येक दिवस लोकांना निळसर चंद्र दिसला होता. पण आज बातम्यांत जो ‘ब्लू मून’ येतो त्याचा रंगाशी काही संबंध नाही. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. ही व्याख्या १९४६ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकातल्या एका लेखातून पसरली. लेखकाने जुन्या पंचांगाचा नियम चुकीचा लावला होता. मूळ नियम वेगळा होता: एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी.

मराठी वाचकाला यातलं गणित शिकवायला नको, कारण ते अधिकमासाचंच आहे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस, सौरवर्षापेक्षा ११ कमी. ही तूट साचत जाते आणि १९ वर्षांत ७ पौर्णिमा जास्तीच्या निघतात. आपण त्या तुटीसाठी धोंड्याचा महिना घालतो, ते जास्तीच्या पौर्णिमेला नाव देतात. दोन्ही अडीच-पावणेतीन वर्षांनी येतात आणि कधी कधी एकदमच येतात. मे २०२६मध्ये १ आणि ३१ तारखेला पौर्णिमा, आणि ३१ची पौर्णिमा अधिक ज्येष्ठातली.

म्हणजे हिशोबाने पाहिलं तर ब्लू मून काही फार दुर्मीळ नाही. बोलण्यात त्याचा अर्थ ‘सठीसहामासी’ इतपतच घ्यावा. खरंच आयुष्यात एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टीला आपला कपिलाषष्ठीचा योग जास्त वजनदार आहे.

‘बाइट द बुलेट’ कुठून आला?

अर्थ: टाळता न येणारी कटू गोष्ट दात-ओठ खाऊन एकदाची करून टाकणं. भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा जखमी सैनिकाच्या दातांत शिसाची गोळी देत, अशी गोष्ट सगळीकडे मिळते. लिखित पुरावा आहे तो चाबकाच्या शिक्षेचा. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या हलक्या बोलीच्या एका कोशात नोंद आहे की फटके खाताना ओरडणं कमीपणाचं म्हणून काही पलटणींतले शिपाई गोळी चावत. आजच्या अर्थाने तो छापून आला १८९१ सालच्या किपलिंगच्या कादंबरीत. किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. १८५७च्या काडतुसांशी या वाक्प्रचाराचं नातं जोडणारेही भेटतात, पण ती काडतुसं दातांनी फाडायची होती, चावून धरायची नव्हती.

आपल्या भागातून इंग्रजीत गेलेला एखादा वाक्प्रचार आहे का?

आहे, आणि तो नाशिक जिल्ह्यातला आहे. ब्रिटनमध्ये कोणी विचित्र वागायला लागलं की ‘ही हॅज गॉन डूलाली’ म्हणतात. चळला, भ्रमिष्ट झाला या अर्थाने. हे ‘डूलाली’ म्हणजे आपलं देवळाली.

ब्रिटिशांची तिथे लष्करी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या आधी तिथे आणून ठेवत. जहाजं वर्षभर सुटत नसत, साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तो उन्हाळा-पावसाळा तिथेच अडकला. कवायत नाही, काम नाही, हातात थोडेफार पैसे, जवळपास दारू आणि वर ऊन. शिस्तीत वर्षं काढलेली माणसं काही आठवड्यांत बिथरायची. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत या वाट पाहण्याचं वर्णन आहे. चांगली वर्तणूक असलेले शिपाईही तिथे तुरुंगात जायचे, असं तो सांगतो.

मूळचा शब्दप्रयोग पुरा होता, ‘डूलाली टॅप’. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, तर ताप! अंगात भरणारा. देवळालीचा ताप चढला, असं ते निदान. पुढे ताप गळून गेला, नुसतं गाव राहिलं. आज लंडनमधली एखादी बाई आपल्या नवऱ्याला डूलाली म्हणते तेव्हा ते नाशिकजवळचं स्टेशन आहे हे तिला बहुधा माहीत नसतं. बीबीसीने १९७४ साली याच छावणीत घडणारी एक विनोदी मालिका सुरू केली होती, त्यामुळे एका पिढीला तरी ते ठाऊक होतं.

आपल्याला यात विसंगती अशी वाटते की देवळाली हे हवा खायला जायचं ठिकाण. मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी तिथे आरोग्यभवनं बांधली, लोक छातीच्या दुखण्यातून बरं व्हायला जात. तीच हवा, पण जायची घाई असलेल्या माणसाला मानवली नाही. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आजही देवळालीत आहे.

इतर पटकन सांगायचे तर: ‘हॅव अ डेक्को’ म्हणजे जरा बघ, हे आपलं ‘देखो’. ‘ब्लाइटी’ म्हणजे मायदेश इंग्लंड, ते ‘विलायती’वरून. ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेतलं सगळं चिरडत जाणारी अजस्र शक्ती, ते पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून, आणि त्यात रथयात्रेबद्दलच्या अर्धवट प्रवासवर्णनांचा मोठा हात आहे.

‘क्लीन चिट’, ‘डू द नीडफुल’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे चुकीचं इंग्रजी आहे का?

चुकीचं नाही, भारतीय आहे. ‘चिट’ हा शब्द चिठ्ठीवरून इंग्रजीत गेला, आणि मग आपण त्याला क्लीन लावून चौकशी समितीच्या हातात दिला. लंडनच्या वाचकाला ‘मंत्र्यांना क्लीन चिट’ हा मथळा कळणार नाही. ‘डू द नीडफुल’ एकेकाळी इंग्लंडमध्येच चालायचं, तिथे ते जुनं झालं, आपल्या कचेऱ्यांत टिकलं. ‘आउट ऑफ स्टेशन’मधलं स्टेशन रेल्वेचं नव्हे, साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण.

भारतात बिनधास्त वापरा. परदेशी ग्राहकाला लिहिताना मात्र ‘प्लीज रिव्हर्ट’ टाळा. आपल्याला त्यातून ‘उत्तर द्या’ म्हणायचं असतं. त्याला वाटतं केलेला बदल मागे घ्यायचाय, आणि सॉफ्टवेअरच्या कामात तर तो खरोखर मागे घेईल.

मराठीतलेही काही वाक्प्रचार मुळात इंग्रजी आहेत म्हणे?

पुष्कळ. हिमनगाचं टोक, पेल्यातलं वादळ, पांढरा हत्ती, घोडेबाजार, चेंडू त्यांच्या कोर्टात. वर्तमानपत्रांनी ते आणले आणि मुरवले. पांढरा हत्ती तर सयामहून इंग्रजीमार्गे आलाय. नको असलेल्या सरदाराला राजा पांढरा हत्ती भेट द्यायचा आणि तो पोसता पोसता सरदार बुडायचा, अशी गोष्ट सांगतात.

‘हिरवा कंदील’ रेल्वेबरोबर आला. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, त्यानंतरच कंदिलाला परवानगीचा अर्थ मिळू शकत होता.

‘लालफीत’ मला जास्त आवडते. इंग्लंडमध्ये सरकारी आणि न्यायालयीन कागद लालसर फितीने बांधत; तिथले बॅरिस्टर आजही अशिलाचे कागद गुलाबी फितीत बांधलेले घेतात. आपल्याकडे कागद फितीत नसत, रुमालात असत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही कागदांचे गठ्ठे ‘रुमाल’ म्हणूनच मोजले जातात. तेव्हा हक्काने ‘रुमाली कारभार’ म्हणता आलं असतं. पण दिरंगाईला नाव द्यायची वेळ आली तोवर कारभार इंग्रजांचा होता, त्यामुळे फीतही त्यांचीच.

‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. मग शोकसंदेशात लिहू शकतो का?

कृपा करून नको. मराठीत ‘गचकला’ जिथे म्हणाल तिथेच ‘किक्ड द बकेट’ म्हणायचं. साहेबांचे वडील गेले असतील तर ‘पास्ड अवे’. १७८५च्या बोलीकोशात हा वाक्प्रचार सापडतो. इथली बकेट बहुधा बादली नव्हे, तर कापलेलं डुक्कर टांगायचा आडवा दांडा. काही भागांच्या बोलीत त्याला तोच शब्द होता. ‘बकेट लिस्ट’, म्हणजे मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी, यावरूनच आली, आणि ती २००७ सालच्या हॉलिवूडच्या चित्रपटामुळे घरोघरी पोचली.

‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ म्हणजे वाईट माणसाचा वकील?

नाही, उलट फार उपयोगी माणूस. कोणाला संत ठरवायचं असलं की त्याच्या विरुद्ध जे जे बोलता येईल ते बोलायला कॅथलिक चर्च एक अधिकारी नेमत असे. हे पद १५८७ साली निर्माण झालं, १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याची भूमिका जवळजवळ काढूनच टाकली. मीटिंगमध्ये कोणी ‘लेट मी प्ले डेव्हिल्स ॲडव्होकेट’ म्हणालं तर ते त्याचं स्वतःचं मत असेलच असं नाही. तो तुमचा मुद्दा ठोकून बघतोय. चिडू नका.

वाक्प्रचारातला शब्द बदलला तर चालतो का?

काळ बदलतो, शब्द नाही. ‘बकेट’च्या जागी ‘पेल’ घातलं की माणूस मरत नाही, बादलीला लाथ बसते. कर्मणी प्रयोगातही तेच होतं, ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की अर्थ उडाला. ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ मात्र चालतं, गुपित फुटलं हे कळतं. नियम नाही, कानाचा सराव आहे. आपणही ‘तोंडात बोटं घातली’ म्हणतो, ‘तोंडात बोटं घातली गेली’ म्हटलं की दंतवैद्याची आठवण होते.

‘बॉब्ज युअर अंकल’ हा कुठला अंकल?

‘एवढं करा, की झालं काम’ असा अर्थ. गॅसचं बटण फिरवा, काडी लावा, अँड बॉब्ज युअर अंकल. १८८७ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी, म्हणजे रॉबर्ट यांनी, आपला भाचा आर्थर बाल्फोर याला आयर्लंडचा कारभारी मंत्री नेमलं. रॉबर्टचं लाडकं रूप बॉब, म्हणजे बॉब हा मामा, आणि वशिल्याने काम फत्ते. गोष्ट झकास आहे, पण वाक्प्रचार छापलेला सापडतो तो १९२०च्या दशकात, चाळीसेक वर्षांनी. तेव्हा मामावरचा आरोप सिद्ध होत नाही. हा ब्रिटिशांपुरताच, अमेरिकनासमोर म्हणालात तर तो खरंच काकांची चौकशी करेल.

नाटकाच्या आधी ‘ब्रेक अ लेग’ म्हणतात, ते परीक्षेला जाणाऱ्या मुलीला म्हटलं तर?

रंगमंचावर जाणाऱ्यांनाच म्हणतात: नट, गायक, नर्तक. हल्ली भाषण करायला निघालेल्यालाही. थेट शुभेच्छा दिल्या तर दृष्ट लागते, म्हणून उलटं बोलायचं, असा नाटकवाल्यांचा समज. परीक्षेला ‘गुड लक’ म्हणा. आणि शस्त्रक्रियेला निघालेल्याला, विशेषतः गुडघ्याच्या, अजिबात म्हणू नका.